विचारा ताईंना: पोरगा कॉलेजात आणि बाप खेळण्यांच्या रॅकपाशी

प्रश्न: ताई, हसू नका. वय सत्तेचाळीस, राहतो शहापूरला. दर महिन्याला आम्ही दोघं मॉलमध्ये किराणा भरायला जातो, ही डाळ-तांदूळ बघेपर्यंत माझे पाय आपोआप खेळण्यांच्या सेक्शनकडं वळतात, गाड्या उचलून बघतो, बटणं दाबतो, अर्धा तास कुठं गेला कळत नाही. पोरगा इंजिनिअरिंगला, त्यामुळं त्याच्यासाठी बघतोय म्हणायची पण सोय नाही. परवा बायको सेल्समनसमोरच म्हणाली, "ह्यांनाच ट्रॉलीत बसवा ओ." मला येड लागलंय काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: दादा, वहिनींचं वाक्य वाचून हसलेच मी, माफ करा. येड-बिड काही नाही. लहानपणी खडेबाजारात खेळणं कसं बघितलंय ते आठवा की. दोरीला टांगलेलं नाहीतर काचेच्या कपाटात, दुकानदारच खाली काढणार, चावी देणार, काउंटरवर चार पावलं चालवणार, आई किंमत विचारून "बघू पुढच्या वेळी" म्हणणार आणि आपण हात पुढं केला की त्यावर चापट. आता तेच सगळं उघड्या रॅकवर, कुणी हटकत नाही, वर बॉक्सला मुद्दाम भोक पाडलेलं, त्यातून बोट घालून बटण दाबायचं. तेव्हा हात लावायचा राहिलेला तो आता लावून घेताय, दुसरं काय.

दुकानवाले हे ओळखून आहेत. लंडनचं हॅम्लेज हे खेळण्यांचं दुकान १७६० सालचं, २०१९ मध्ये रिलायन्सनं घेतलं, तिथं कामाला असलेली माणसंच खेळणी खेळून दाखवत असतात. आणि तुम्ही एकटे नाही. हॉट व्हील्सच्या गाड्या १९६८ पासून निघतायत, त्या जमवणारे कितीतरी जण टक्कल पडलेले. लेगोच्या विटेचं पेटंट १९५८ चं, तेव्हाची वीट आजच्या विटेत अजून फिट्ट बसते (बाप-लेकाचं असं बसलं असतं तर मला निम्मी पत्रं आली नसती).

तेव्हा नुसतं बघू नका, एक घेऊनच टाका. नात्यातल्या पोरांसाठी घेणार असाल तर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला सुटे बारीक भाग असलेलं काही नको, सरळ तोंडात जातं.

एकच तक्रार माझी. आपल्याच जिल्ह्यातली गोकाकची लाकडी फळं ह्या मॉलच्या रॅकवर मला कधी दिसली नाहीत. आमच्याकडं शोकेसमध्ये आहेत, एक पाहुणे त्यातला पेरू खरंच चावायला निघालेले.

आणि वहिनींचं म्हणाल तर आंबोली घाट उतरून एकदा सावंतवाडीला न्या त्यांना, लाकडी भातुकलीच्या दुकानात उभं करा, तुम्ही बाहेर चहा घ्या. किती वेळानं बाहेर येतात ते मला कळवा.