श्रेयांस की श्रेयांश?

प्रश्न नागपूरच्याच एका जोडप्याचा. मुलगा झालाय, बारसं तोंडावर आलंय. घरातल्या चुलत भावंडांची नावं वेदांश आणि शिवांश, म्हणून याचंही '-आंश'नं संपणारं हवं. 'श्रेयांश' जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "शेवटी श नाही, स." कारण काही सांगेनात. बरोबर कोण?

आजोबा.

वेदांश म्हणजे वेद + अंश, शिवांश म्हणजे शिव + अंश. त्यात अडचण नाही. हा अंश आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. सारांश, दशांश, अक्षांश, रेखांश ही सगळी त्याचीच भावंडं. नागपूरच्या झीरो माइल स्तंभापाशी उभे राहिलात तर साधारण २१ अक्षांश आणि ७९ रेखांशावर असता, आणि मे महिना असेल तर वर ४५ अंश सेल्सिअसही सोसता. श्रेयांस मात्र या कुळातलाच नाही. मूळ संस्कृत शब्द श्रेयस्, म्हणजे अधिक चांगला, अधिक कल्याणकारी. त्याची प्रथमा श्रेयान् आणि द्वितीया श्रेयांसम्. 'श्रेयांस' हे रूप तिथून आलंय. त्यातला 'आंस' हा स्वतंत्र शब्दच नाही, मग त्याचा 'अंश' कुठून होणार?

विश्वास बसत नसेल तर 'विद्वांस' हे आडनाव आठवा. विद्वस् शब्दाची रूपंही अशीच चालतात, विद्वान् आणि विद्वांसम्. आडनावाच्या पाटीवर 'विद्वांश' लिहिलेलं कुणी पाहिलंय का? तिथं स गुमान टिकतो, कारण आडनावांना फॅशन लागत नाही.

जैन परंपरेत तर हे नाव चांगलंच रुजलेलं आहे. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. शिवाय हस्तिनापूरच्या राजघराण्यातला श्रेयांस, ज्यानं पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांना उसाचा रस देऊन त्यांचा दीर्घ उपवास सोडवला. जैनांची अक्षय्य तृतीया त्याच प्रसंगाची. आपल्या इतवारी भागात एखाद्या जैन स्नेह्याकडे विचारून बघा, ही गोष्ट ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील.

बरं, 'श्रेयांश' हा श्रेय + अंश असा मुद्दाम बनवलेला नवा शब्द आहे असं म्हटलं तर? व्याकरण अडवणार नाही. पण आजच्या मराठीत 'श्रेय' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. केलेल्या कामाचं श्रेय, श्रेय लाटणं, श्रेयावरून भांडणं. त्याचा अंश म्हणजे श्रेयातला वाटा. ऑफिसात कामी येईल, पाळण्यात कशाला?

असाच घोळ 'हिमांश'चा. मूळ नाव हिमांशू. त्यात अंश नाही, अंशु आहे, म्हणजे किरण. ज्याचे किरण थंड तो हिमांशू, म्हणजे चंद्र. सुधांशूही चंद्रच. यमकासाठी शेवटचा उकार कापलात की चंद्राचा बर्फाचा तुकडा होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात वाईट नाही म्हणा.

तुम्हाला अंशच हवा असेल तर आधीचा शब्द अ किंवा आ नं संपणारा घ्या, संधी आपोआप नीट बसतो: देवांश, रुद्रांश, कृष्णांश. 'हरि'ला अंश जोडलात तर मात्र हर्यंश होईल, 'हरियांश' नाही. आणि कुणी 'अद्वैतांश' सुचवलं तर हसून सोडून द्या, ज्याला भागच पडत नाहीत त्याचा अंश कसला!

उच्चाराचं एक सांगतो. मराठीत श किंवा स च्या आधीचा अनुस्वार नाकातल्या व सारखा येतो, श्रेयांव्स. हिंदीत तोच न कडे झुकतो, श्रेयान्स. आपल्या गावात दोन्ही भाषा एकाच अंगणात खेळतात, तेव्हा पोराला दोन्ही हाका ऐकायला लागतीलच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. घरी "श्रेयांसले दूध पाजलं का?" असं कुणी विचारलं की तिथं तर स लख्ख ऐकू येतो.

माझं मत विचाराल तर श्रेयांस ठेवा. चुलत भावंडांशी यमक जुळायला कानाला एवढं पुरतं, श आणि स मधलं अंतर पाळण्याच्या गाण्यात कुणाला कळत नाही. सुटसुटीत हवं असेल तर 'श्रेयस' आहेच, त्याच मुळाचं. फक्त जन्मदाखल्याच्या अर्जावर नाव भरताना रोमन लिपीत शेवटी एच पडू देऊ नका. एकदा पडला की तो आधारपासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत मागे लागतो, आणि मग आजोबांना दोष देता येणार नाही.