सूर्यास्ताच्या वेळी पक्षी-प्राण्यांचे फोटो काळे येतात, फ्लॅश वापरावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिगवणला संध्याकाळच्या बोटीतून १५०-६०० मिमीच्या लांब झूम लेन्सने फ्लेमिंगो टिपले, आकाश झकास केशरी आलं, पण पक्षी सगळे काळेकुट्ट. मित्र म्हणतोय, कॅमेऱ्यावर लावायचा मोठा फ्लॅश घे. घ्यावा का?

फ्लेमिंगोंसाठी घेणार असाल तर नको. सफारीसाठी घेणार असाल तर अजिबात नको. पण सूर्यास्ताला फ्लॅशचा उपयोगच नाही असंही नाही. तो कुठे होतो ते पुढे सांगतो, आधी हिशेब बघू.

फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर दिलेला असतो. मोठ्या फ्लॅशचा तो ६० मीटरच्या आसपास असतो, तोही आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० धरून, फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून आणि पूर्ण ताकदीने उडवला तर. या आकड्याला अ‍ॅपर्चरने (लेन्सचं तोंड किती उघडं आहे ते सांगणाऱ्या एफ-आकड्याने) भागलं की फ्लॅशची पोच कळते. तुमच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर ६०० मिमीला एफ ६.३ च्या आसपासच असणार. ६० भागिले ६.३, म्हणजे साडेनऊ मीटर. आयएसओ चौपट केला की पोच दुप्पट होते, म्हणजे ४०० ला १९ मीटर आणि १६०० ला ३८. फ्लेमिंगोंच्या थव्यापासून बोट त्याहून लांब थांबते, आणि थांबायलाच हवी.

समजा, थवा आपणहून जवळ आला. तरी आयएसओ १६०० वर नेल्यावर आकाशाचं काय होणार? साध्या पद्धतीने फ्लॅश वापरताना बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर जात नाही. त्यामुळे ज्या केशरी रंगासाठी एवढा खटाटोप, तोच पांढराफटक पडतो. हाय-स्पीड सिंक चालू केलं की शटर वाढवता येतं, पण मग फ्लॅश एका दमात न उडता बारीक बारीक ठिणग्यांत उडतो आणि त्याची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहूनही जास्त घटते. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणून दोन स्टॉप गेले की प्रकाश चौथाई आणि पोच निम्मी. फिरून फिरून भोपळे चौकात.

फ्लॅशपुढे लावायचं फ्रेस्नेल भिंगही (प्रकाश एकवटणारी चपटी प्लास्टिकची भिंगपट्टी) तुम्हाला कोणीतरी सुचवेल. त्याने पोच वाढते हे खरं. पण सूर्य अजून वर असताना त्याच्याकडे तोंड करून ते धरलं, तर तेच भिंग ऊन गोळा करून फ्लॅशचं प्लास्टिक वितळवतं. शाळेत असताना भिंगाने कागद जाळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, लांब लेन्समधून सूर्याकडे बघायचं तर स्क्रीनवर बघा. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कधीच नको.

भिगवणपुरता उपाय फुकटचा आहे. नावाडी काकांना निघतानाच सांगा, "काका, शेवटचा अर्धा तास सूर्य पाठीशी राहील असं घ्या." ही मंडळी मूळची मासेमारी करणारी. उजनीच्या पाण्यात कुठल्या बाजूने गेलं की थवा उठत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सूर्य पाठीशी आला की त्या तिरप्या उन्हात पंखांखालचा गुलाबी रंग असा उठून येतो की फ्लॅशची आठवणही होत नाही. मागे केशरी आकाशच हवं असेल, तर पक्षी काळे येणारच, आणि येऊ द्यावेत. आकाशावर स्पॉट मीटरिंग करून (म्हणजे तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजून) एक्स्पोजर लॉक करा आणि सगळं लक्ष आकाराकडे द्या. दोन पक्ष्यांमध्ये फट दिसली पाहिजे, मान बाकदार दिसली पाहिजे, चोच अंगावर आलेली नको. एकात एक मिसळलेले पाच पक्षी हा नुसता काळा डाग असतो. थोडा तपशील हवाच असेल तर रॉ फाइलमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) फोटो काढा, नंतर सावल्या दीड-दोन स्टॉप उचलता येतात.

आता सफारी. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांत फ्लॅशला बंदी आहे, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला. यावर नेहमी येणारा सवाल असा की वाघांच्या गणतीचे कॅमेरा ट्रॅप (जंगलात लावलेले आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) फ्लॅश मारतात ते कसं चालतं? चालतं, कारण पट्टे ओळखू येण्यासाठी त्या प्रकाशाची गरज असते, आणि एका पायवाटेवर एकदा चमकून ते यंत्र गप्प बसतं. दहा जिप्सींतून धडाधड उडणाऱ्या फ्लॅशशी त्याची बरोबरी होत नाही. फ्लॅश आणि वाघ यांचा संबंध तसा जुनाच. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तरेकडच्या जंगलांत वाटेवर कॅमेरा आणि फ्लॅशला जोडलेली तार लावून, वाघाला स्वतःचाच फोटो काढायला लावला होता. अलीकडचं उदाहरण आपल्या मुंबईतलं. आरे कॉलनीच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोसाठी नयन खानोलकरांना २०१६ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी गटाचं पहिलं पारितोषिक मिळालं. त्यात फ्लॅश आहेतच, पण ते गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखे दिसतील असे लावलेले. फोटो बघताना फ्लॅश मनातसुद्धा येत नाही. माझ्या मते फ्लॅश वापरायचा तर असा.

दिवेलागणीला बाहेर पडणाऱ्या रातवा, पिंगळा, घुबड यांच्यावर मात्र मी फ्लॅश उडवत नाही. त्यांच्या बाहुल्या तेव्हा विस्फारलेल्या असतात, डोळे अंधाराला सरावत असतात. माणसाचे डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो, मग उडत्या पक्ष्याची परीक्षा कशाला घ्या? शिवाय फ्लॅश लेन्सच्या डोक्यावरच असला तर रातव्याचे डोळे मोटारीच्या दिव्यासारखे चमकतात आणि फोटोही वाया जातो. घरट्याजवळ तर नकोच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणंही येतं.

मग फ्लॅश कुठे? हातभर अंतरावर. पावसाळा सरताना सड्यांवर, माळांवर सिग्नेचर स्पायडर नावाचा कोळी जाळ्याच्या मधोमध पाय जोड्याजोड्यांनी पसरून बसलेला असतो. वाइड लेन्स घ्या, जाळ्याला धक्का न लावता खाली बसा आणि कोळी मावळत्या आकाशासमोर येईल असं बघा. फ्लॅश बंद ठेवूनच आकाशाचं एक्स्पोजर ठरवा, उदाहरणार्थ आयएसओ २००, एफ ८, १/२००. रंग गडद येईपर्यंत बघा, कोळी काळा दिसला तरी हरकत नाही. आता फ्लॅश मॅन्युअलवर, १/३२ ताकदीला, कॅमेऱ्यावरून काढून बाजूला हातात धरा, ट्रिगरने (दुरून फ्लॅश उडवणारं छोटं यंत्र) उडवा, आणि पुढे डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावा. इथली मेख अशी की फ्लॅश क्षणात उडून जातो, त्यामुळे शटरचा परिणाम फक्त आकाशावर होतो, कोळ्यावर नाही. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर २०-२५ मिनिटांत अंधारून येतं. तेवढ्या वेळात आकाश मंदावेल तसं शटर १/१२५, १/६०, १/३० असं उतरवत जा. फ्लॅश, अ‍ॅपर्चर, आयएसओ यांना हात लावू नका. वारा असेल तर १/६० च्या खाली मी जात नाही, कोळ्याची काळी कडा हललेली येते.

आणि जिलेटिन विसरू नका. नाटकवाले दिव्यांना लावतात तोच रंगीत कागद. फ्लॅशचा प्रकाश ५५०० केल्विनच्या आसपास असतो आणि मावळतीचा ३००० च्या जवळपास, म्हणून नुसता फ्लॅश मारला की केशरी आकाशापुढे निळसर, चिकटवल्यासारखा कोळी दिसतो. अर्ध्या ताकदीचं नारिंगी जिलेटिन फ्लॅशच्या तोंडावर चिकटवलं आणि व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवला की दोन्ही जुळतं. पूर्ण ताकदीचं लावलं तर कोळी हळद लागल्यासारखा दिसतो, निदान मला तरी आवडत नाही.

एवढ्यासाठी महागडा फ्लॅश लागत नाही. सेकंडहँड मॅन्युअल फ्लॅश, साधा ट्रिगर आणि जिलेटिनचे तुकडे पुरतात. लांब लेन्सवर तो बसवूच नका. उरलेल्या पैशांत थंडीत भिगवणची आणखी एक फेरी करा आणि या वेळी बोटीत बसायच्या आधीच सूर्य कुठे मावळणार ते बघून ठेवा.