नॅस्डॅकवरच्या छोट्या कंपनीने कन्व्हर्टिबल प्रेफर्ड (पुढे साध्या शेअरमध्ये बदलता येणारे खास शेअर) काढून पैसे उभे केलेत, प्रॉक्सी (भागधारकांच्या मतदानाचा कागद) पण आलीये. शेअर ठेवू का विकू?

"नवा इन्व्हेस्टर आला म्हणजे चांगलंच ना?" असं तुम्ही खाली लिहिलंय ना, ते वाचून राहवलं नाही.

मी न्यू जर्सीत एका छोट्या मेडिकल डिव्हाइस कंपनीत अकाउंट्सला होतो, नाव नाही सांगत. कॅश संपत आलेली, बँक दारात उभं करेना, मग एका फंडाला प्रेफर्ड विकले. प्रेस रिलीजमध्ये सगळं गोडगोड. खरी गोम सर्टिफिकेट ऑफ डेझिग्नेशनमध्ये, म्हणजे प्रेफर्डच्या अटींच्या कागदात होती, कन्व्हर्जन प्राइस (ज्या भावाने प्रेफर्डचे साधे शेअर होतात तो) फिक्सच नाही, मागच्या दहा ट्रेडिंग दिवसांतल्या सगळ्यात खालच्या व्हीवॅपच्या (व्यवहारांच्या वजनी सरासरी भावाच्या) 80 टक्के. म्हणजे हजार डॉलरच्या एका प्रेफर्डचे 2 डॉलरने 500 शेअर होतात आणि 40 सेंटने 2500. भाव पडला तर मरण तुमचं-आमचं, फंड मजेत.

कन्व्हर्जन नोटीस ईमेलने यायची, एकच पान, किती प्रेफर्ड, काय भाव, किती शेअर, खाली सही. ती ट्रान्सफर एजंटला (शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) पाठवायची आणि कॅप टेबलात, म्हणजे कोणाकडे किती शेअर या तक्त्यात, आकडा बदलायचा हे माझं काम. भावाचा आकडा घसरतोय, शेअरचा फुगतोय, आणि वर मीटिंगमध्ये टाळ्या! 4.99 टक्क्यांचा ब्लॉकर असतो, म्हणजे फंडाकडे एका वेळी कंपनीचे तेवढ्याहून जास्त शेअर नकोत, तो आपल्या रक्षणासाठी असं लोकांना वाटतं. छे! फंड तेवढेच घेतो, बाजारात ओततो आणि परत नोटीस पाठवतो. शेअर एक डॉलरच्या खाली रेंगाळला की नॅस्डॅकचं यादीतून काढण्याच्या इशाऱ्याचं पत्र, मग रिव्हर्स स्प्लिट (अनेक शेअरचा एक करून भाव वर दाखवायचा), मग पुन्हा तेच.

गणपतीच्या जेवणाला हे बोललो (सगळं 8-के मध्ये, म्हणजे कंपनीने अमेरिकी नियामकाकडे दिलेल्या घडामोडींच्या अहवालात जाहीर होतं, आतलं काही फोडलं नाही) तर साडू म्हणतो, कर्ज नाही, हप्ता नाही, बफेने पण सॉलोमन या वॉल स्ट्रीटच्या फर्ममध्ये हेच केलं होतं. अरे बाबा, 1987 मध्ये बफेच्या बर्कशायरने सॉलोमनचे 70 कोटी डॉलरचे प्रेफर्ड घेतले, 9 टक्के डिव्हिडंड, आणि कन्व्हर्जन 38 डॉलरला फिक्स. शेअर आपटला म्हणून बफेला एकही शेअर जास्त मिळणार नव्हता. एवढा साधा फरक, पण भाऊसाहेब ऐकतील तर शपथ.

तुमची प्रॉक्सी बहुतेक नॅस्डॅकच्या 20 टक्क्यांच्या नियमामुळे आलीये, बाजारभावाखाली आधीच्या शेअरच्या 20 टक्के किंवा जास्त नवे शेअर निघणार असतील तर भागधारकांची मंजुरी लागते. मी 'अगेन्स्ट' टाकला असता. फार फरक पडेल असं नाही, कारण मंजूर होईपर्यंत सभा बोलवत राहायच्या हे बऱ्याचदा करारातच असतं. विकायचं का? एडगरवर (त्या नियामकाच्या वेबसाइटवर) 8-के ची एक्झिबिट्स, म्हणजे जोडलेले करार, उघडा, कन्व्हर्जन प्राइस बाजारभावाला बांधलेली असेल तर मी एक दिवस थांबणार नाही.

हां, फिक्स भाव असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, कधीकधी कंपनी वाचते पण त्याने. फ्लोअर (कन्व्हर्जन प्राइसची खालची मर्यादा) असेल तर तो किती खाली आहे ते बघा, आजच्या भावाच्या पाचव्या हिश्श्यावर असेल तर असून नसल्यासारखाच. आणि भारतातल्या प्रेफरेन्शियल इश्यूला (निवडक लोकांना शेअर देण्याला) हे सगळं लावू नका, तिथे सेबीचा फ्लोअर आहे, 90 आणि 10 ट्रेडिंग दिवसांच्या व्हीवॅपमधला जो जास्त तो, आणि कन्व्हर्जन 18 महिन्यांत. साडू त्याचंही उदाहरण देतो. तू इथे वाचतोयस हे मला माहितीये, सॉलोमनचा 38 चा आकडा खोडून दाखव, मग बोलू.