डिस्क मोठी करू का? वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला, चवथ झाली की वाचकांची मोटारसायकलच्या ब्रेकबद्दल पत्रं येतात, चार महिने चिखलातनं गाडी हाकली की दुसरं काय होणार. यावेळी बहुतेकांना डिस्क बदलायचीय. काहींना खरंच बदलायला हवी, बाकीच्यांना बाजारात दिसली म्हणून हवीय.

प्रश्न: माझी रॉयल एनफील्डची जुनी क्लासिक ३५०, पुढे २८० एमएमची डिस्क, मागे ड्रम. बेळगावला जाणं-येणं असतं, चोर्ला घाटातनं, मागे बायको आणि सामान. परत येताना घाट उतरून केरीत पोचेपर्यंत पुढचा लिव्हर इतका ढिला पडतो की ग्रिपला टेकतो. थोडा वेळ थांबलो की परत ठीक. मित्र म्हणतो ३२० ची फ्लोटिंग डिस्क टाक. टाकू का?
(वाचक, डिचोली)

उत्तर: आत्ता नको. थांबल्यावर परत ठीक होतो म्हणताय ना, तिथंच सगळं आलं. तुमचं ब्रेक ऑइल उकळतंय. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गोव्यात ओलाव्याला काय तोटा. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवीन असताना २३० डिग्रीच्या खाली उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरतो, मग घाटात सतत ब्रेक धरून उतरलात की कॅलिपरपाशी, म्हणजे पॅडने डिस्क आवळणाऱ्या चिमट्यापाशी, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून लिव्हर नुसता आत जातो. गार झालं की वाफ विरते, लिव्हर परत येतो, आपल्याला वाटतं काही झालंच नाही.

मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ऑइलच्या डबीच्या, काचेतनं बघा, नवीन ऑइल फिकट पिवळं असतं, तुमचं बहुतेक कोऱ्या चहासारखं झालं असेल. कंपन्या साधारण दर दोन वर्षांनी बदला म्हणतात, आपल्याकडे मी तरी पाऊस संपला की दरवर्षी बदला असंच सांगतो, खर्च किरकोळ आहे. बाटली मात्र तुमच्यासमोर सील तोडून घ्यायची, गॅरेजच्या फळीवर सहा महिने उघडी पडलेली बाटली आणि तुमचं जुनं ऑइल यात फारसा फरक नाही. डॉट ५.१ चालेल. डॉट ५ अजिबात नको, नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

त्यानंतर होज पाइप, म्हणजे ऑइल कॅलिपरपर्यंत नेणारा. रबरी पाइप जुना झाला की दाबाने फुगतो, तुमच्या बोटातला जोर पॅडपर्यंत पोचायच्या आधी पाइप फुगवण्यात जातो. स्टीलच्या जाळीचा पाइप बसवला की लिव्हर एकदम टणक लागतो, लोकांना वाटतं नवीन ब्रेकच बसवला. माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त मोल देणारा बदल हाच. त्याच वेळी कॅलिपरच्या पिना काढून साफ करायला सांगा, त्या अडकल्या तर पॅड एकाच बाजूने झिजतो.

पॅड घेताना मागच्या पत्र्यावर दोन अक्षरं असतात, जीजी, एचएच अशी. पहिलं गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची, अक्षर पुढचं तेवढी पकड जास्त. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड पावसात चांगले धरतात पण डिस्क लवकर खातात, त्यामुळे तुमच्या डिस्कला ते चालतात का हे विचारून घ्या.

एवढं करूनही ३२० च हवी असेल तर हिशेब ऐका. पॅड डिस्कला धरतो ती जागा मध्यापासून जेवढी लांब तेवढा ब्रेकचा जोर. २८० वरून ३२० वर गेलात की ती जागा २० एमएम बाहेर सरकते, म्हणजे साधारण पंधरा-सोळा टक्के फायदा, शिवाय लोखंड जास्त म्हणून तापायला वेळ लागतो. फायदा आहे, नाही कसं म्हणू. पण कॅलिपर बाहेर सरकवायला ब्रॅकेट लागतो आणि तिथं मला भीती वाटते. कुणीतरी पट्टी कापून भोकं पाडून ब्रॅकेट बनवून देतो, आणि दोन माणसं घाट उतरताना सगळा भार त्या पट्टीवर. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण किट मिळत असेल तरच विचार करा, वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेली रचना बदलली तर उद्या विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतो. २०२१ च्या नव्या क्लासिकला कंपनीनेच ३०० ची दिलीय, पण ती सगळी गाडीच वेगळी, तिची डिस्क आणून तुमच्या चाकाला बसेल असं धरू नका.

फ्लोटिंगचं म्हणाल तर त्यात आतला भाग वेगळा, बाहेरची कडी वेगळी, मध्ये बटणं. तापल्यावर कडी मोकळी पसरते, वाकत नाही. थोडी खुळखुळली तर घाबरू नका, ती तशीच असते.

आणि हो, घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, वळणाआधी ब्रेक दाबायचा, सोडायचा. सतत धरून ठेवला तर कुठलीही डिस्क तापणारच.

प्रश्न: मी म्हापशात पायलट आहे, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवतो, दिवसभर गिऱ्हाईक मागे. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटाला धडधड मारतो. मेकॅनिक म्हणतो डिस्क लेथवर घासून देतो. देऊ का?
(वाचक, म्हापसा)

उत्तर: दादा, लेथ नको. मोटारसायकलची डिस्क मुळात चार-पाच एमएम जाड, त्यातनं घासायला उरतं किती? डिस्कवरच कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावून बघा, त्याच्या खाली गेली असेल तर चर्चाच संपली, नवीन घ्या.

जाडी ठीक असेल तर घरी एक करून बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी होईल असं बघा, फोर्कला एक ताठ तार बांधून टोक डिस्कच्या अगदी जवळ आणा आणि चाक हाताने हळू फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर डिस्क वाकलीय. डिस्क लॉक काढायला विसरून गाडी ढकलली की असं होतं, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा मार बसला तरी होतं. फट सारखी असेल तर पॅडचा माल डिस्कवर जागोजागी चिकटलाय, घाट उतरून लगेच ब्रेक दाबून उभं राहिलं की तापलेला पॅड तिथं छाप सोडतो. मग पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासा, ब्रेक क्लीनरने पुसा, पॅडचा वरचा थर पण काढा. बऱ्याचदा एवढ्यानेच जातं. तापलेल्या डिस्कवर पाण्याचा पाइप मारू नका, वॉशिंगवाल्यालाही सांगून ठेवा.

प्रश्न: माझी १५० सीसी आहे, एबीएस वाली (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी). ऑनलाइन पेटल डिस्क, पाकळ्यांसारख्या कडांची, स्वस्तात मिळतेय, ब्रेक वाढेल का?
(कॉलेज विद्यार्थी, फोंडा)

उत्तर: वाढणार नाही रे. साइज तीच असेल तर जोर तोच. पेटलच्या कडा चिखल-पाणी झटकतात, वजन थोडं कमी, सत्तरीकडे लाल मातीत फिरत असशील तर थोडा उपयोग, बाकी दिसायला भारी. स्वस्त पेटलमध्ये लोखंडच कमी असतं त्यामुळे तापते लवकर. तुझी खरी अडचण एबीएसची. चाकाला दातेरी रिंग असते, सेन्सर ते दाते मोजून चाकाचा वेग ठरवतो. काही गाड्यांत ती रिंग डिस्कबरोबरच बोल्ट होते, नव्या डिस्कवर ती नीट बसली नाही किंवा सेन्सरपासनं अंतर बदललं तर मीटरवर एबीएसचा दिवा पेटून राहील, मग हजार रुपये वाचवून काय मिळवलंस? बोल्टच्या भोकांचं अंतर आणि मधला खोलगटपणाही जुळायला हवा, फोटोत हे कळत नाही. घ्यायचीच तर तुझ्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवून घे.

नवीन डिस्क टाकलीस तर पॅडही नवीन टाक, जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या रेघा असतात. डिस्कवरचं पॅकिंगचं तेल क्लीनरने काढ. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगातनं दहापर्यंत आण, पूर्ण थांबू नकोस, परत वेग घे, असं दहा-बारा वेळा. तोपर्यंत ब्रेक कमी लागेल, मागे कुणाला बसवू नकोस.

प्रश्न: आमचं घर समुद्राला लागून, सकाळी डिस्क तांबूस दिसते. स्टीलची असून गंजते म्हणजे डुप्लिकेट का?
(वाचक, कोळवा)

उत्तर: नाही हो. डिस्कचं स्टील कठीण हवं म्हणून ते स्वयंपाकघरातल्या स्टीलपेक्षा वेगळं असतं, चुंबक चिकटतो त्याला, आणि खाऱ्या हवेत रात्रीत हलका तांबूस थर येतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला निघून जातो. बोटाला खरखरीत लागणारे खड्डे पडले असतील तर मात्र काळजी करा, तेव्हा डिस्क बदलायला झालीय. तोवर कॅलिपरच्या पिनांकडे लक्ष द्या, खाऱ्या हवेत आधी त्याच जाम होतात. ब्रेकचा सिलिकॉन ग्रीस लावायचा, साधा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. आणि डिस्कवर गंज नको म्हणून स्प्रे किंवा तेल कधीही मारू नका, एका वाचकाने मारलं होतं, पहिल्याच चौकात सरळ समोरच्या रिक्षाला टेकला.