पाण्यातून गाडी काढल्यावर मिसिंग: इंजिन खोलण्याआधी हे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईत हिंदमाताला गुडघ्याच्या थोडं खाली असलेल्या पाण्यातून १.२ पेट्रोल, चार सिलिंडरची गाडी काढलीत. पाण्यात ती बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही, इंजिन अडखळतं), पिकअप नाही, चेक लाईट लुकलुकतोय. गॅरेजवाला म्हणतो, "इंजिनात पाणी गेलंय, खोलावं लागेल."

इतक्यात खोलू देऊ नका.

पाणी दाबलं जात नाही. एअर इनटेकमधून ते सिलिंडरमध्ये शिरलं, की वर येणारा पिस्टन त्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे होतं ते तिथल्या तिथे. इंजिन भर पाण्यात धाडकन बंद पडतं आणि मग मालक घाबरून सेल्फ मारत बसतो, तेव्हा उरलंसुरलंही जातं. तुमची गाडी बाहेर आली, घरी पोचली, रात्रभर उभी राहिली आणि मग बिघडली. हे लक्षण बहुतेक वेळा इग्निशनचं असतं.

तरी खात्री करायची तर पहिलं काम एअर फिल्टर. बॉक्सचे क्लिप काढा, फिल्टर बाहेर घ्या. कागद कोरडा असेल आणि बॉक्सच्या तळाशी चिखलाची रेघ नसेल, तर इनटेकमधून पाणी गेल्याची शक्यता फारच कमी. फिल्टर ओला, फुगलेला असेल तर मात्र सेल्फला हात लावू नका, गाडी टो करून न्या. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं किंवा पातळी वाढलेली असली तर गाडी चालू करायची नाही. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना ती येतेच.

दोन्ही ठीक असेल तर कॉइलकडे, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाकडे या. प्लग ज्या खोल खड्ड्यांत बसतात, त्यांत पाणी साचतं आणि ठिणगी (स्पार्क) प्लगच्या टोकाऐवजी बाजूच्या धातूकडे पळते. इथे एक गोष्ट बरेच मेकॅनिक घाईत विसरतात: कॉइल काढल्यावर आधी खड्ड्यात हवा मारून तो पूर्ण कोरडा करायचा, मगच प्लग ढिला करायचा. नाहीतर आतापर्यंत बाहेर असलेलं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने सिलिंडरमध्ये सोडता. कॉइलच्या रबरी बूटवर पांढरी किंवा काळी बारीक रेघ दिसली तर स्पार्क तिथून गळतोय.

स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. दोन आणि तीनच्या कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी पुन्हा चालू करा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली, बाकी काही नाही. कोड हलला नाही तर प्लग, कनेक्टरमधला ओलावा, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. चेक लाईट लुकलुकत असताना मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कन्व्हर्टर कॉइलच्या कितीतरी पट महाग पडतो.

कॉम्प्रेशन टेस्ट ही खरी कसोटी. थोडंसंच पाणी गेलं तर रॉड किंचित वाकूनही इंजिन चालत राहतं. चारही सिलिंडरचं रीडिंग लिहून घ्या. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे कमी असेल आणि व्हॉल्व्ह, रिंग ठीक असतील, तर प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून तो पिस्टन इतरांइतका वर येतो का बघायचं. येत नसेल तर गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर, खोला.

आणि खोलायची वेळ आलीच, तर विमा कंपनीला आधी कळवा. सर्व्हेअरने बघण्याआधी नट फिरला की वाद सुरू होतो. साध्या पॉलिसीत पाण्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलंय का ते आजच कागद काढून बघा. ओल्या फिल्टरचे, दरवाजावरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो तारखेसकट ठेवा. गाडी धुवायची घाई नको.