सोळा तारखेची सहल आणि अठरा तारखेचा हप्ता

कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते सहकारी साखर कारखान्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले असून त्यांचे वय ६२ आहे. पत्नीचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि वडिलांवर अवलंबून नाही. पत्राचा मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

“पणजीतील कॅसिनो असलेल्या एका हॉटेलात एकट्यानेच चार रात्री राहण्याचा विचार आहे. १६ ते २० तारखेचे पॅकेज ३२,००० रुपयांना मिळते. त्यात खोली, दोघांचे रात्रीचे जेवण आणि कॅसिनोत पैशांऐवजी लावायच्या ८,००० रुपयांच्या चिप्स (चकत्या) आहेत. जवळच्या लॉजमध्ये १,८०० रुपयांत खोली मिळते आणि कॅसिनोचा एका संध्याकाळचा प्रवेश ३,००० रुपये आहे. दोन्हींपैकी स्वस्त काय पडेल? रुलेटवर लाल रंगावर ५०० रुपयांपासून सुरुवात करून हरल्यास दुप्पट लावत गेलो, तर सहलीचा खर्च निघेल असे वाटते. पैशांची तशी चिंता नाही. निवृत्तीच्या ३८ लाखांपैकी ३० लाख बँकेत साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत आणि २ लाख बचत खात्यात आहेत. ६ लाख बँकेतील साहेबांनी गॅरंटीड योजनेत गुंतवून दिले. दरवर्षी ६ लाख असे दहा हप्ते आहेत. ते संपल्यावर दोन वर्षे थांबून पुढे दहा वर्षे दरवर्षी ११ लाख करमुक्त मिळतील. तीन वर्षांनंतर पैसे काढता येतात असे ते म्हणाले. दुसरा हप्ता १८ तारखेला मुदत ठेवीतून आपोआप जाईल. पेन्शन ३,४०० आणि घरखर्च २८,००० आहे.”

सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, परंतु आपण ज्याला चिंता नाही असे म्हटले आहे तो भाग अधिक तातडीचा असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो. सहलीत आपले फार तर ३२,००० रुपये जातील. १८ तारखेला, आपण पणजीत असताना, ६ लाख जाणार आहेत.

आपण घेतलेली योजना म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ती ६ लाखांची गुंतवणूक नसून ६० लाख भरण्याची जबाबदारी आहे, आणि निवृत्तीच्या दिवशी आपल्याजवळ होते ३८ लाख. पेन्शन वजा जाता आपल्याला वर्षाला सुमारे ३ लाख घरखर्चासाठी लागतात. आज हातात ३२ लाख आहेत. दुसरा हप्ता भरला की २६ उरतात, आणि वर्षभराचे व्याज मिळवून घरखर्च वजा केला की पावणेपंचवीस. याच हिशेबाने तिसऱ्या हप्त्याच्या वर्षाअखेरीस सुमारे १७ लाख आणि चौथ्याच्या वर्षाअखेरीस साडेआठ लाख राहतात. वयाच्या ६५ व्या वर्षी पाचवा हप्ता भरल्यावर अडीच लाख शिल्लक राहतील आणि ते त्याच वर्षीच्या किराणा, वीज व औषधांत संपतील. सहावा हप्ता भरायला पैसा नसेल, आणि आपले उत्पन्न महिना ३,४०० रुपये असेल. ज्या माणसाने ही पॉलिसी आपल्याला विकली त्याच्यासमोर आपले खाते उघडे होते. हे गणित त्याला दोन मिनिटांत करता आले असते.

समजा, कुठून तरी पैसे आणून आपण दहाही हप्ते भरले. पहिला हप्ता ६१ व्या वर्षी गेला आणि पहिले ११ लाख येतील ७३ व्या वर्षी, दुसऱ्याचे ७४ व्या, अशा रीतीने शेवटची रक्कम ८२ व्या वर्षी हाती येईल. म्हणजे प्रत्येक ६ लाख रुपये बरोबर बारा वर्षे थांबून ११ लाख होतात. हा दर वर्षाला ५ टक्क्यांच्या किंचित वर येतो. आपल्याच बँकेच्या साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत त्याच ६ लाखांचे बारा वर्षांत पावणेतेरा लाख झाले असते. ‘६० लाखांचे एक कोटी दहा लाख’ हे वाक्य ऐकायला भरघोस वाटते, कारण त्यातून वर्षे गाळलेली असतात.

‘करमुक्त’ हेही खरे नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता ५ लाखांहून अधिक असेल, तर विमाधारकाच्या मृत्यूनंतर मिळणारी रक्कम सोडून बाकीच्या रकमेवरील नफा करपात्र ठरतो. आपला हप्ता ६ लाखांचा आहे. या नियमाची माहिती नसलेल्याने विमा विकू नये, आणि माहिती असूनही जो निवृत्त माणसाला करमुक्त म्हणून सांगतो त्याच्याविरुद्ध तक्रारच झाली पाहिजे.

‘तीन वर्षांनंतर पैसे काढता येतात’ या वाक्यात अर्धे सत्य आहे. पॉलिसी तिसऱ्या वर्षात सोडली तर हमी असलेली किमान सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते, म्हणजे १८ लाखांवर सव्वासहा लाखांच्या आसपास. कंपनी स्वतःच्या हिशेबाने ठरवते ती विशेष सरेंडर व्हॅल्यू त्याहून अधिक असू शकते, परंतु ती १८ लाख नसते. शिवाय आपल्यावर आता कोणीही अवलंबून नाही, त्यामुळे आयुर्विम्याची आपल्याला मुळात गरजच नव्हती.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. आजच शाखेत जाऊन हप्त्याचा ऑटो-डेबिट आदेश रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मुदत ठेव बचत खात्याला जोडलेली असल्यास ती जोडणीही काढून घ्या, कारण खात्यात २ लाखच असले तरी या सोयीमुळे ठेव मोडून ६ लाख वळते होऊ शकतात. साहेब नक्कीच म्हणतील की पहिले ६ लाख वाया जातील. त्यांना उत्तर देण्याची गरज नाही. गेलेल्या ६ लाखांसाठी आणखी ५४ लाख भरायचे, असा त्या सल्ल्याचा अर्थ होतो.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुदत निघून गेली आहे. तरी दोन मार्ग उरतात आणि दोन्ही एकाच वेळी चालवावेत. पहिला, विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, बँकेला प्रत देऊन, चुकीची माहिती देऊन विक्री केल्याची तक्रार करा आणि संपूर्ण हप्ता परत मागा. तक्रारीसोबत आपण सही केलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागून घ्या. त्यात वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा. निवृत्त माणसाच्या अर्जात तो आकडा बहुधा दुसऱ्याच कोणीतरी भरलेला असतो आणि तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. दुसरा मार्ग सरेंडरचा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार, एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरून पहिले पॉलिसी वर्ष पूर्ण झाले की विशेष सरेंडर व्हॅल्यू द्यावी लागते. आपले वर्ष १८ तारखेला पूर्ण होते. ती रक्कम किती, हे कंपनीकडून लेखी घ्या, परंतु तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या अर्जावर सही करू नका.

उरलेल्या ३० लाखांपैकी २५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ५१,२५० रुपये मिळतील, आणि ठेव मुदतीपूर्वी मोडल्याचा दंड व्याजातील फरकातून साधारण वर्षभरात भरून निघेल. ५ लाख मुदत ठेवीतच, पण सहज मोडता येईल असे ठेवा, कारण पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही आणि कारखान्याचे संरक्षण नोकरीबरोबरच संपले असावे. हे सारे केले तरी दरमहा सुमारे ५,००० रुपये कमी पडतात. वर्षाचे ते ६०,००० होतात. म्हणजे पॉलिसीत अडकलेले ६ लाख ही आपल्या पुढील दहा वर्षांच्या तुटीची भरपाई आहे, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी लोकपालांपर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत.

आता सहल. पॅकेज घेऊ नका. ते दोन माणसांच्या हिशेबाने बांधलेले आहे. एकट्याने गेल्यावर दुसरे जेवण वाया जाते आणि खोलीचे भाडे तेवढेच राहते. ‘८,००० च्या चिप्स’ रोखीत बदलता येतात का, हे विचारा. अशा चिप्स बहुतेक वेळा एकदाच लावता येतात आणि जिंकले तरी मूळ चिप परत मिळत नाही, त्यामुळे लाल-काळ्यावर त्यांची खरी किंमत ३,९०० रुपयांच्या आसपास असते. शिवाय गोव्याच्या कायद्याने हॉटेलांतील कॅसिनोत इलेक्ट्रॉनिक यंत्रांना परवानगी आहे. माणसाने फिरवलेले चाक आणि पत्त्यांची टेबले पाहायची तर मांडवीतील जहाजावरच जावे लागते. लॉजच्या चार रात्री, एक संध्याकाळ जहाजावर आणि साधे जेवण मिळून आपला खर्च १४,००० च्या आसपास राहील.

खर्च खेळून निघेल ही आशा मात्र सोडून द्या. रुलेटमध्ये फिरत्या चाकावरील चेंडू कोणत्या घरात थांबेल यावर पैसे लावतात. एकच शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात आणि त्यांतील लाल १८. ५०० पासून दुप्पट करत पाच वेळा हरलात की १५,५०० रुपये गेलेले असतात आणि सहाव्या डावाला १६,००० लागतात, तेही ५०० रुपये जिंकण्यासाठी. सलग पाच वेळा हरण्याचा प्रसंग दर २८ प्रयत्नांत एकदा येतो; पन्नास फेऱ्या खेळणाऱ्यावर तो येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. जिंकलात तर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. पहिल्या रात्री ५०,००० जिंकून दुसऱ्या रात्री ६०,००० हरलेल्या माणसालाही १५,६०० रुपये कर भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. तो चिप्सच्या किमतीत धरलेला आहे की वर द्यावा लागेल, हे पैसे मोजण्यापूर्वी खिडकीवर विचारा. गोवा सरकारने २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळण्यास बंदी केली आहे, हेही ध्यानात असू द्या.

तरीही जा. पत्नीच्या निधनानंतर आपण प्रथमच स्वतःसाठी काही ठरवले आहे आणि १४,००० रुपयांचा हा खर्च आपल्याला झेपणारा आहे. जहाजावर जाताना खिशात ५,००० रुपये रोख ठेवा, कार्ड लॉजमध्ये राहू द्या आणि ते पैसे तिकिटासारखे खर्च झाले असे समजा. संध्याकाळी बेतीच्या फेरीबोटीतून मांडवी ओलांडा आणि फोंतेन्यास या पणजीतील जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून सावकाश हिंडा. एकट्या माणसाला पणजी चालायला चांगली आहे.

फक्त तारीख बदला. १६ ऐवजी २५ ला निघा, म्हणजे १८ तारखेला आपण गावातच असाल आणि खात्यातून काही वळते झाले नाही ना, हे त्याच दिवशी पासबुक भरून पाहू शकाल. प्रस्ताव अर्जाची प्रत आणि कंपनीचे उत्तर आले की मला पाठवा. लोकपालांकडे द्यायचा अर्ज मी वाचून देईन.