'जाळीदार' पेला?

प्रश्न असा आहे : व्हेनिसच्या सोळाव्या शतकातल्या एका काचेच्या पेल्याखाली संग्रहालयाने 'रेतिचेल्लो' असं लिहिलंय. मराठीत 'जाळीदार काचेचा पेला' म्हटलं तर चालेल का?

अर्थ बरोबर पकडलात, पण शब्द घोटाळा करेल. इटालियनमध्ये 'रेते' म्हणजे जाळं आणि 'रेतिचेल्लो' म्हणजे लहानसं जाळं. मराठीत मात्र 'जाळीदार' म्हटलं की भोकं आलीच. अनारसा जाळीदार हवा. पेला जाळीदार निघाला तर पंचाईत. इथली जाळी काचेच्या पोटात आहे.

ती तिथे जाते कशी? व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर आत पांढरा धागा असलेल्या काचेच्या बारीक कांड्या शेजारीशेजारी मांडून तापवत. त्या एकमेकींना चिकटल्या की फुंकणीच्या टोकावर गुंडाळून घेत आणि पीळ देऊन फुगा फुंकत. एका फुग्याला उजवा पीळ, दुसऱ्याला डावा. मग एक फुगा दुसऱ्याच्या आत फुंकायचा. रेघा एकमेकींना छेदतात आणि मधल्या प्रत्येक घरात हवा अडकते. जाळ्याच्या अशा घराला आपले कोळी 'आस' म्हणतात. पेला भिंगाखाली धरलात तर आसाआसात एकेक इवलासा बुडबुडा दिसेल. एरवी बुडबुडा राहिला की काच वाया गेली म्हणायची. इथे तो ओळीने बसवण्यातच सगळं कसब.

याच घराण्यातला 'रेतोर्तोली' म्हणजे पीळदार धाग्यांचं काम. त्याचा हक्क मुरानोच्या कातानी या काचकारागीर बंधूंनी 1527 मध्ये व्हेनिसच्या सरकारकडे मागितला होता. 'लात्तिचिनो' हे नाव मात्र रंगावरून पडलंय, 'लात्ते' म्हणजे दूध. जुन्या इंग्रजी सूच्यांत ते धाग्यांच्या सगळ्याच कामाला सरसकट चिकटवलेलं आढळतं. मुरानोत अशा कामाला 'फिलिग्राना' म्हणतात. 'लात्तिचिनो'चं 'दुधी काच' करू नका. आपल्या दुधी काचेतून उजेड येतो नि आकृती अंधुक दिसते, तर या धाग्यांची 'लात्तिमो' ही चिनी मातीसारखी दिसणारी पांढरी अपारदर्शक काच.

तेव्हा मी 'जाळीनक्षीचा पेला' लिहीन आणि पुढे देवनागरीत 'रेतिचेल्लो' ठेवीन. 'अंतर्जालकाच' वगैरे भारदस्त शब्द घडवायला जाऊ नका. वाचणाऱ्याला त्यात इंटरनेट दिसेल.